लस कुणापर्यंत पोचली नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले अनुभव हवेत

सीमेवरचा_मास्तर (धागाकर्ता)

इंग्लंडच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं मार्च २०२१ मध्ये कोविडच्या लसीबद्दल दिलेले आकडे परवा पुन्हा वाचले. तिथं ८ डिसेंबर २०२० ला लसीकरण सुरू झालं. ११ मार्चपर्यंत सत्तरीच्या पुढच्या गोऱ्या ब्रिटिशांपैकी ९१.३ टक्के लोकांनी पहिला डोस घेतला होता. आफ्रिकी वंशाच्या कृष्णवर्णीयांत हाच आकडा ५८.८ होता. कॅरिबियन वंशाच्या लोकांत ६८.७, बांगलादेशींत ७२.७, पाकिस्तानींत ७४. लस सगळ्यांना फुकट, वयोगट एकच, दवाखाने सरकारी. आणि पहिल्या लाटेत तिथं जास्त प्रमाणात मेले तेही याच समाजांतले लोक.

आता आपल्याकडं बघा. बेळगाव जिल्ह्यात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, लमाणी, वडार, खानापूरच्या जंगलातले गवळी धनगर, हंगामाला येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, एवढे सगळे. यांच्यात फरक पडला का? कुणालाच सांगता येत नाही, कारण कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, वय, लिंग, ओळखपत्र आणि मोबाइल नंबर घेतला. जात, धर्म, भाषा विचारली नाही. त्यामुळं ‘त्या गल्लीतले लोक घेतच नव्हते’ हे आजही सगळे छातीठोकपणे सांगतात, आणि कुणाला ते खोडता येत नाही की सिद्ध करता येत नाही.

आपापल्या गावचं डोळ्यांनी बघितलेलं लिहा. ऐकीव नको. आणि कृपा करून सीमाप्रश्नावर घसरू नका.

---

तिसरं_रेल्वे_गेट

घसरू नका म्हटल्यावर पहिला प्रतिसाद घसरलेलाच येणार, तर तो मी देतो.

आमच्या भागात लसीची सूचना सांगत रिक्षा फिरली ती फक्त कन्नडमधून. फलक कन्नड, खाली बारीक इंग्रजी. जिथं एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे आपण किती वर्षं मागतोय? साथीच्या वेळी तरी द्यायची होती. कोविनचंही तेच. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाला लस खुली केली आणि ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. मराठी, कन्नडसकट बाकीच्या भाषा त्यावर आल्या जूनमध्ये. म्हणजे सगळ्यात जास्त धावपळ होती त्या महिन्यात इंग्रजी न येणाऱ्यानं काय करायचं?

---

हिंडलग्याची_सून

@तिसरं_रेल्वे_गेट, फलकाचं मान्य. पण मराठी म्हणून बेळगाव शहरात कुणी लसीवाचून राहिलं, हे मला नाही पटत. आपल्या गल्लीत युवक मंडळ आहे, पंच आहेत, मराठी पेपर आहे, व्हॉट्सअॅपवर दहा ग्रुप आहेत. दुपारी कुठल्या दवाखान्यात किती डोस आले ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या शहापूरला कळायचं.

उलट मे महिन्यात काय चाललं होतं ते आठवा. स्लॉट कुठलाही घेता येत होता. शहरातली पोरं लॅपटॉप उघडून बसायची आणि खानापूर, बैलहोंगलकडच्या पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) स्लॉट पकडायची. सकाळी गाडी काढून टोचून परत, येताना वाटेत मिसळ. आणि ज्या गावची ती पीएचसी, तिथला माणूस बाहेर उभा राहून बघायचा की हे कोण पाहुणे आलेत. ते पाहुणे बहुतेक करून आपलेच होते, मराठी आणि कन्नड दोन्ही. ३१ मे च्या आदेशात सुप्रीम कोर्टानंही नेमकं हेच विचारलं होतं, की सगळं कोविनवर ठेवलं तर फोन नाही, नेट नाही अशांचं काय.

---

जांबोटी_लाईन

हिंडलग्याच्या वैनी बरोबर बोलल्या. आमच्याकडचं ऐका.

कणकुंबी, आमगाव, भीमगडच्या आतल्या वाड्या, तिथं पाऊस लागला की रस्ता संपतो. जूनमध्ये लस सगळ्यांना फुकट झाली म्हणून टीव्हीवर आलं, खरं आमच्याकडं जून म्हणजे ओढे भरायचे दिवस की ओ. लोकांनी नको म्हटलं असं लिहिलेलं मी बघितलंय. कोण विचारायला आलं होतं नको म्हणायला?

आणि एक गोष्ट शहरातल्यांना ठाऊक नाही. कोविशील्डच्या एका बाटलीत १० डोस. एकदा फोडली की ४ तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. वाडीत पंचेचाळीसच्या वरची माणसं असतात पाच-सहा. त्यांच्यासाठी बाटली कोण फोडणार? मग निरोप यायचा, तुम्हीच खाली या. म्हातारं माणूस जंगलातनं चालत येणार, वाटेत अस्वलाची भीती, खाली आल्यावर कळणार आजचा स्टॉक संपला. दुसऱ्यांदा ते माणूस येईल काय?

आणखी एक. आमच्याकडं साथ आली की गाव वार पाळतं. त्या दिवशी शिवारात जायचं नाही, वेस ओलांडायची नाही, देवीला गाऱ्हाणं. २०२१ ला पण कितीतरी गावांनी पाळले. एका गावात बरोबर वाराच्याच दिवशी शिबिर लावलं. कुणी आलं नाही. वरती काय लिहून गेलं असेल ते तुम्हीच ओळखा. पंचांना एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी रांग लागली असती.

---

बेळगुंदी_एक्सप्रेस

वाराचं +१. आमच्या गावात पंचांनीच मंदिराच्या कट्ट्यावर शिबिर घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा गर्दी झाली.

---

निळी_साडी (आशा कार्यकर्ती)

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

जांबोटी दादांनी बाटलीचं लिहिलं ते खरं आहे. डोस वाया गेला तर वरून विचारणा व्हायची आणि माणूस राहिला तरीही. दोन्ही बोलणी आम्हालाच. म्हणून आम्ही आधी घरोघर फिरून दहा माणसं कबूल करून घ्यायचो, मग सिस्टरना फोन. आठ आली की उरलेली दोन शोधायला शेतात पळायचं.

बायका का नाही म्हणायच्या ते सांगते, कारण ते कुणी लिहून घेतलं नाही. पोरं होणार नाहीत ही अफवा होतीच. पाळीच्या दिवसांत घ्यायची नाही असा मेसेज फिरला होता, तो खोटा आहे असं सांगणारा मेसेज मात्र कुणाच्या फोनवर आला नाही. गरोदर बायकांना परवानगी २ जुलैला मिळाली. त्याच्याआधी आम्हीच त्यांना परत पाठवत होतो. काल नको म्हणणारी आशा आज घे म्हणते, म्हटल्यावर सासू संशय घेणार नाही तर काय.

पण सगळ्यात मोठं कारण ताप. लस घेतली की एक-दोन दिवस अंग मोडून येतं. त्या दोन दिवसांत भाकरी कोण करणार, म्हशीची धार कोण काढणार? मी नवरा-बायकोला एकाच दिवशी लस द्यायची सोडून दिली. आधी नवरा, आठ दिवसांनी बायको. त्यानं फरक पडला. ही गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हती.

---

निपाणी_स्टँड

ताईंच्या तापाच्या मुद्द्याला जोडून आमच्या निपाणीचं.

इथं विडी वळणाऱ्या बायका किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मजुरी हजार विड्यांमागे. आज वळल्या नाहीत तर आज पैसे नाहीत. सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही. यात मराठी आहेत, मुसलमान आहेत, दलित आहेत. शिबिर ठेवलं सकाळी दहा ते दुपारी दोन. म्हणजे अर्धा दिवस रांगेत गेला, वर दोन दिवस ताप. तीन दिवसांची मजुरी गेली की आठवड्याचा बाजार गेला. आणि एवढं करून ‘फुकट आहे तरी घेत नाहीत’ हे वाक्य ऐकायचं. त्या बाईच्या हिशेबात ती फुकट नव्हतीच.

एका कारखानदारानं विड्या जमा करायच्या जागेवरच संध्याकाळी टोचायची सोय करून घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या विड्या उशिरा दिल्या तरी चालतील म्हणून सांगितलं. तिथल्या बहुतेक सगळ्या बायकांनी घेतली. त्यात मशिदीमागच्या गल्लीतल्या बायका जास्त होत्या, ज्यांच्याबद्दल आमच्याकडं खात्रीनं बोललं जायचं की त्या घेणारच नाहीत.

---

देशप्रेमी_५६

सगळं ठीक आहे हो, पण शेवटी अडाणीपणा हे कारण आहेच. एका विशिष्ट समाजाला सरकार सांगेल त्याच्या उलट करायची सवय आहे. त्यांचं कौतुक किती करायचं?

---

बागवान_गल्ली

@देशप्रेमी_५६, तो विशिष्ट समाज म्हणजे मीच. मराठी शाळेत शिकलोय, तेव्हा मराठीतच सांगतो.

एप्रिल २०२० आठवा. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याचं प्रकरण निघालं. आपल्या जिल्ह्यात कुडची, हिरेबागेवाडी सील झाली. सील करायला माझी ना नाही, पेशंट सापडले होते, आजार होता. पण त्यानंतर माझ्या मामाला भाजीची गाडी लावताना नाव विचारलं गेलं. नाव ऐकून लोक पुढच्या गाडीवर जायचे. टीव्हीवर दिवसरात्र आम्हीच. पुढं २१ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं असं निकालात लिहिलं. ती बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली?

त्या दिवसांत गल्लीत अॅम्ब्युलन्स यायची तेव्हा मागं पोलीस असायचे, आणि पुढं कुणाचा तरी मोबाइल व्हिडिओ काढत असायचा. वर्षानं त्याच खात्याची गाडी लस घेऊन आली. काही म्हाताऱ्यांनी दार लावून घेतलं. याला तुम्ही अडाणीपणा म्हणा. मला विचाराल तर त्यांना सगळं नीट आठवत होतं.

दुसरी गोष्ट. १ एप्रिल २०२१ ला पंचेचाळीसच्या वरच्यांना लस खुली झाली आणि दोन आठवड्यांत रमजान लागला. इंजेक्शननं रोजा तुटतो का, हा प्रश्न घराघरात होता. तुटत नाही असं मौलानांनी सांगितलं, पण ते लोकांपर्यंत जायला वेळ गेला, आणि रोज्यात ताप आला तर काय ही भीती राहिलीच. ईद झाल्यावर मात्र आमच्या गल्लीतल्या लोकांनी जाऊन घेतली. तेव्हा स्टॉक नव्हता, हा भाग वेगळा.

---

हिंडलग्याची_सून

@बागवान_गल्ली, टाळ्या. आणि त्याच एप्रिलमध्ये १७ तारखेला आपल्याकडं लोकसभेची पोटनिवडणूक होती. सगळ्या पक्षांच्या सभा, मिरवणुका. आमच्या कामवाल्या मावशी म्हणायच्या, एवढा रोग असता तर साहेबांनी सभा घेतल्या असत्या का? त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचत नाही.

---

लेस्टरची_वैजू

मूळची वडगावची, इथं नर्स आहे. इंग्लंडचे आकडे निघालेत म्हणून लिहिते.

वर बऱ्याच जणांनी अंतर, वेळ, मजुरी अशी कारणं दिली. इथंही आधी तेच वाटलं होतं. पण सांख्यिकी कार्यालयानं राहण्याचं ठिकाण, आधीचे आजार, गरिबी हे सगळं हिशेबात धरून पाहिलं तरी वंशावंशातला फरक उरलाच. म्हणजे दवाखाना शेजारी असला तरी काही लोक जात नव्हते. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, तेही सरकारी आरोग्य खात्यानं. तो देश वेगळा, पण आमच्या वॉर्डातल्या जमैकन आजीबाईंना ते नाव पाठ होतं. बागवान दादांनी लिहिलं ते वाचून मला त्या आठवल्या.

इथं पत्रकं उर्दू, बंगाली, गुजराती, पंजाबीत निघाली. बरं झालं, पण नुसत्या पत्रकानं भागलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मशिदीत लसीकरण केंद्र सुरू झालं. लंडनच्या नीसडनच्या स्वामीनारायण मंदिरातही झालं. लोकांच्या ओळखीचे डॉक्टर तिथं बसले आणि प्रश्नांना उत्तरं दिली, ‘घ्या’ म्हणून धोशा लावला नाही. तेव्हा हालचाल दिसली.

हे सगळं करता आलं कारण कुठं कमी पडतंय ते मोहीम चालू असतानाच दिसत होतं. आपल्याकडं कोविनच्या फलकावर जिल्ह्याचा एक मोठा आकडा यायचा. जिल्हा ९० टक्के झाला की सगळे खूश, उरलेले १० कोण ते कुणी बघायचं?

(अवांतर: वडगावच्या मंगाईच्या जत्रेचे फोटो कुणीतरी टाका.)

---

तिसरं_रेल्वे_गेट

वैजूताई, मोजणीचं पटतंय, पण धोकाही बघा. धर्मानुसार आकडे निघाले असते तर देशप्रेमी साहेबांसारख्यांनी त्याचं काय केलं असतं? २०२० मध्ये काही दिवस सरकारी पत्रकार परिषदेत तबलिगींचा आकडा वेगळा सांगत होतेच. त्यातनं मदत गेली की दगड गेले?

---

लेस्टरची_वैजू

रास्त शंका. इथंही वर्तमानपत्रांनी धिंगाणा घातला. पण आकडा नसतानाही बदनामी थांबली का? आकडा असता तर ज्यांना काम करायचं होतं त्यांच्या हाती तरी काहीतरी लागलं असतं.

---

चिकोडी_काटा

ऊसतोडीचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या पट्ट्यात बीडकडून, विजापूरकडून टोळ्या येतात. कोविनवर एका मोबाइल नंबरावर ४ जणांची नोंद व्हायची. टोळीत नंबर असतो मुकादमाचा. पहिला डोस गावाकडं घेतला. मे २०२१ मध्ये कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तोपर्यंत हंगाम लागला आणि टोळी कर्नाटकात. दुसऱ्या डोसचा मेसेज आला मुकादमाला, आणि पुढच्या हंगामात मुकादमच बदललेला. इथल्या सेंटरवर विचारायचे, पहिला कुठं झाला, नंबर सांगा. कुणाचा सांगणार? काहींनी पुन्हा ‘पहिलाच’ घेतला, बाकीचे तसेच फडात गेले. यांची गणना ना बीडमध्ये, ना बेळगावात.

---

सीमेवरचा_मास्तर

चिकोडी_काटा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आभार.

@देशप्रेमी_५६, अडाणीपणाबद्दल. लस आपल्या गावाला नवी नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोला आपण आज मैदान म्हणून ओळखतो, सभा आणि मेळाव्यांसाठी. तिथं इंग्रजांच्या काळापासून देवीची लस तयार व्हायची. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कोविशील्डचे खोके आले तेही तिथंच उतरले. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या देशात मोजक्या ठिकाणी झाल्या, त्यातलं एक बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल.

प्लेगचंही बघा. प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञानं १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेऊन लस तपासली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात घुसले, माणसं बाहेर काढली, सामान जाळलं. २२ जूनला तिथला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि पुढच्याच वर्षी, १८९८ ला, इथून जवळ हुबळीत हजारो लोकांनी हाफकिनची लस टोचून घेतली. लोक त्याच जमान्यातले आणि शाळाही तेवढीच शिकलेले. लोकांशी कोण कसं वागलं, यात मात्र जमीनअस्मानाचा फरक होता. भीतीही उगाच नसते. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लसीतून धनुर्वात होऊन १९ माणसं मेली, तेव्हा हाफकिनलाच घरी बसवलं गेलं.

---

देशप्रेमी_५६

इतिहास माहीत नव्हता तेवढा. पण सक्ती केल्याशिवाय आपले लोक ऐकत नाहीत, हे माझं मत कायम.

---

निपाणी_स्टँड

सक्तीही करून झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये चामराजनगर जिल्ह्यात ‘लस नाही तर रेशन नाही, पेन्शन नाही’ असं जाहीर केलं होतं. ज्याला रेशनची गरज नाही त्याला या सक्तीनं काय होणार? म्हणजे धाक कुणाला, ते आलं लक्षात.

आणि लस घेतलेल्याला फायदा काय मिळाला? महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बघा. ३१ जुलै २०२१ च्या आदेशानं महाराष्ट्रातून येताना दोन डोस झालेल्यालाही आरटीपीसीआर सक्तीची. आमची अर्धी सोयरीक कागल, गडहिंग्लजला. माझ्या काकानं सर्टिफिकेट लॅमिनेट करून नेलं होतं, नाक्यावर त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. ते घरी येऊन म्हणाले, मग टोचून कशाला घेतलं? गावातल्या निम्म्या लोकांनी हा प्रश्न ऐकला.

---

व्यवस्थापक

१९५६, महाजन आयोग आणि २००४ च्या दाव्याबद्दलचे सात प्रतिसाद सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवले आहेत. एका समाजाला शिवी देणारा एक प्रतिसाद उडवला आहे. चर्चा लसीवर राहू द्या.

---

निळी_साडी

मास्तर, तुम्ही सुरुवातीला लिहिलं की नोंदच नाही. कोविनवर नव्हती हे खरं. पण आमच्या आरसीएच (माता-बाल आरोग्याच्या) रजिस्टरमध्ये गरोदर बाईची नोंद करताना जात आणि धर्म दोन्ही लिहितो, दारिद्र्यरेषेचं कार्डही. बाळाच्या सगळ्या लशी त्याच्याच पुढं. त्यामुळं कोविडचं राहू दे, गोवर-रुबेला किंवा पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा) तिसरा डोस कोणत्या वस्तीतल्या बाळांचा राहतोय हे आजही काढता येईल. कोण चुकतंय ते माझ्या भागापुरतं मला तोंडपाठ आहे. वीटभट्टीवरची, आणि वाडीवरची पावसाळ्यात जन्मलेली.

---

सीमेवरचा_मास्तर

ताई, हे रजिस्टर वर जातं तेव्हा वस्तीनिहाय, जातनिहाय आकडे कुणी काढतं का?

---

निळी_साडी

वरती एकूण आकडा मागतात. तो मी महिन्याच्या शेवटी देते. वस्तीचा अजून कुणी मागितला नाही.

---

जांबोटी_लाईन

तालुका पंचायतीच्या बैठकीत आमच्या भागाचा मागून बघतो. मास्तर, अर्ज तुम्ही लिहून द्या, कन्नडमध्ये आणि मराठीत दोन्ही. मराठीतला घेतला नाही तर कन्नडमधला असू दे हाताशी.